थुका म्हणं बादलीत!

थुकायचं! आवो, थुकायचं म्हणं! तुमाला सांगतो, एकेक घड लेकरागत जपायचा, पाखरं हाकून हाकून घसा बसवून घ्यायचा, आन त्याच द्राक्षाचा रस तोंडात घेतला की हा तिप्पण्णा म्हणतो, "रावजीमामा, गिळू नका, त्या बादलीत थुका!" आता काय म्हणावं ह्याला?

तिप्पण्णा कोण, ते सांगतो की. सोलापुरात साखर पेठंत ह्यांच्या घरचे चादरीचे माग. ह्यो धाकटा परदेशात काय तरी शिकून आला, मागाची शेड रिकामी केली आन तितं लाकडी पिंपं मांडून वाईन कराय लागला! भर पेठंत! सरकारी परवाना भिंतीला, काचंत, देवाच्या फोटोशेजारी! गेल्या हंगामात माझी द्राक्षं त्यानं नेली व्हती. माघात निरोप आला, वाईन तयार हाय, चव बघाय या. मी फेटा बांधला. बायकोला, बजाबाईला म्हणलं, सोलापूरला जाऊन येतो. ती 'व्हय' बी म्हणली न्हाय. आमच्या घरात तवा कुणी 'व्हय' म्हणायच्या मनःस्थितीतच नव्हतं...

तर मंद्रूपहून यष्टीनं गेलो, शेडात पाय टाकला, आन समोर बाकड्यावर कोण? आबासाहेब! माझे व्याही! त्यांचीबी बाग हाय, त्यांनाबी बोलावणं. आन आमचं तर वर्सभर बोलणं बंद! कशापायी? गेल्या साली मी लेकीच्या सासरी द्राक्षाची पाटी धाडली, ह्यांनी चार पाव्हण्यांत एक मणी तोंडात टाकला आन डोळा मिटून म्हणले, "आंबट!" म्या म्हणलं, "तुमच्या जिभंलाच चव न्हाय!" झालं! तवापासनं माझी विजयमाला माहेरी न्हाय. आन आता तिला सातवा लागलेला... पैलं बाळंतपण माहेरी असतंय का न्हाय? पण हे धाडनात आन मी मागंना. बजाबाई मातूर भाकरी थापता थापता डोळं पुसायची.

तिप्पण्णाला ह्यातलं काय ठावं! त्यानं दोघांना शेजारी बसवलं, काचंचे पेले भरले. "आधी हलवा. आता वास घ्या. जिभेवर फिरवा. आणि थुका!" आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, म्या त्यांच्याकडं. वर्सानंतर पैल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं... दोघांनी गिळलं! "अहो थुका, नाहीतर चढेल, पुढची चव कळायची नाही!" दुसरा पेला. गिळला! आवो, पिकवल्यालं थुकाय सांगतो, ह्याला काय शेतकऱ्याच्या घरी जेवाय घातलं न्हाय का कुणी?

मग तिप्पण्णा आनंदानं म्हणतो, "मामा, ही तुमच्या द्राक्षांची! तुमची द्राक्षं आंबट होती ना, म्हणून हिला अशी धार आली!"

आबासाहेब ताडकन उठले. "ऐकलं का? आंबट! मी म्हणलं व्हतं!"

तुमाला सांगतो, माझ्या कानशिलात आग झाली. तोंडाशी आलं, की तुमच्या बागंतली तर गुरं खाईनात! ...पण डोळ्यापुढं विजयमाला आली. चालताना कमरंवर हात ठेवत असंल का? पाय सुजलं असतील का? म्या पेला खाली ठेवला, हात जोडलं, म्हणलं, "व्हय आबासाहेब. माझी द्राक्षं आंबट. तुमी खरं बोललात, मी तोंड टाकलं. पण लेकीला धाडा."

तिप्पण्णाच्या हातातली बाटली तशीच. आन आबासाहेब परत बाकड्यावर बसले, पुटपुटले, "रावजी, पोरीला डोहाळं लागल्यात. दुसरं काय खात न्हाय. 'माझ्या वडलांच्या बागंतली आंबट द्राक्षं द्या' म्हणती. गावात सगळ्यांची द्राक्षं आणून बघितली, तोंड फिरवती. तुमच्याकडं कुठल्या तोंडानं मागू?"

आन रडाय लागला की ह्यो सहा फुटी माणूस! मग मीबी! तिप्पण्णा बिचारा घाबरून बादली पुढं करतोय, त्याला वाटलं आमाला उलटी व्हतीया!

तसंच उठलो, त्यांच्या गावाला गेलो, पोरीला हळू गाडीत बसवलं आन दिवस मावळायच्या आत आमी तिघं माझ्या दारात. बजाबाई बाहेर आली. थेट माझ्या तोंडापाशी! वास आला तिला, नाक फुगलं, डोळं मोठं झालं... म्हणलं, मेलो! तेवढ्यात तिला माझ्या मागं लेक दिसली. माझ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आन एवढंच म्हणली, "पाय धुवून घ्या."

नात झाली बघा, चांगली गुटगुटीत. बजाबाई आळीभर सांगती, "सिद्धेश्वरानं ऐकलं गं माझं!" मीबी मान हलवतो, देवानं ऐकलं हे काय खोटं न्हाय. पण देवळात गेलो की नारळ दोन फोडतो. एक सिद्धेश्वराच्या नावानं... आन दुसरा साखर पेठंकडं तोंड करून, त्यो कशापायी, हे बायकोला सांगायची मातूर आपली छाती न्हाय!