जुन्या पार्टांची पिशवी

खडकीच्या गॅरेजात दीपमाला दुरुस्तीला दिलेल्या स्कूटरची वाट बघत बाकावर बसली होती. पुढ्यातल्या म्हाताऱ्या गाडीखालून रहीम मिस्त्री बाहेर आले. गाडीचे मालक-मालकीणबाई शेजारीच उभे होते.

"बाई, पुढचे बॉल जॉइंट पार गेलेत. चाक कधीही निखळेल."

"अहो, यांनी दिवाळीतच बदलून घेतलेत. जुने पार्ट पिशवीत घालून मला दाखवायला आणले होते."

"हे गाडीबरोबरच आलेत. कुणी पाना लावलेला नाही."

"मग हिंमतराव, पिशवीत कुणाचे होते?"

"सुशीला, इथे नको."

"इथेच."

"इथल्याच भंगारातले उचलले. म्हटलं, गाडी अजून वर्षभर सहज चालेल."

"आणि मी रोज नातीला घेऊन घाट उतरतेय. खडखडाट असा, की कात्रजच्या सर्पोद्यानातले साप बिळात शिरले असतील. विचारलं, तर म्हणालात, पार्ट नवे आहेत, रुळायला वेळ लागतो."

"चुकलं."

"रहीमभाई, दोन्ही बाजूंचे बदला. मी समोर उभी राहते. जुने माझ्यादेखत पिशवीत भरा."

"आणि किल्ली साहेबांकडे देऊ?"

"किल्ली मला. पिशवी त्यांना. बसमध्ये मांडीवर घेऊन बसतील."