खिडकीतला पेला

नाव कुशाबा रामजी सकपाळ, वय सुमारे ५४, धंदा लाकडाच्या कंपनीत शिपाई, राहणार भोईवाडा, परळ. तारीख १९ जानेवारी १९५६.

कोणी बोलावले नसता आपणहून चौकीवर येऊन सांगतो की, आमच्या कंपनीची जुनी इमारत लालबागला आहे. खाली लाकडाची वखार, वर सागवानी खाजगी कचेऱ्या. शेटच्या कचेरीची किल्ली एकतीस वर्षे माझ्या कमरेला आहे. तिथले पाणी मी भरतो, पीत नाही. माझा पेला जिन्याखाली वेगळा. आमच्या जातीला तसेच चालत आले आहे.

परवा मंगळवारी दुपारी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर लाठीमार झाला. शेट गावी होते. आमचे कारकून रमाकांत गुप्ते तीन जखमींना घेऊन जिना चढले. त्यांत एका बाईचे डोके फुटले होते. रमाकांत म्हणाले, "कुशाबा, शेटची खोली उघडतोस का रे?" मी म्हणालो, "अहो, विचारता काय!" कुलूप मी उघडले.

शेटच्या माठातले पाणी चौघांना दिले. त्या बाईने पाचवा पेला भरून माझ्यापुढे धरला. म्हणाली, "दादा, तुम्हीपण घ्या, किती धावपळ केलीत." मी प्यालो. घशाला कोरड पडली होती, बरे वाटले.

तासाभराने माणसे गेली. मी फरशी पुसली, चार पेले धुऊन कपाटात ठेवले. मी प्यालेला पाचवा धुऊन खिडकीत पालथा ठेवला. शेटच्या पेल्यांत तो ठेवायला हात गेलाच नाही. जित्याची खोड, दुसरे काय.

बुधवारी सकाळी तो पेला पाहून मॅनेजरांनी ओळखले की खोलीत कोणी आले होते. मी तोंड उघडायच्या आत रमाकांत बोलून गेले, "कुशाबाची किल्ली मी चोरली." म्हणून मॅनेजरांनी त्यांना पोलिसांत दिले, ते तुमच्या कोठडीत आहेत. माझी नोकरी राहावी म्हणून ते खोटे बोलले. मी रात्रभर गप्प राहिलो, त्याची लाज वाटते. त्यांचा रागही येतो. अरे भल्या माणसा, मला विचारलेस तरी का? त्यांनी काही चोरले नाही. त्यांना सोडावे. किल्ली टेबलावर ठेवली आहे, ती मॅनेजरांना द्यावी.

जमादारांनी लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात मी पाणी दिले एवढेच होते. मी प्यालो, तेही सांगून लिहवून घेतले. आता बरोबर आहे. त्याखाली माझा अंगठा.