एकच शेगडी

लहान लेकराच्या छातीतून निघणारी बारीक शिट्टी तुम्ही कधी ऐकली का? बल्लारपूरच्या कामगार चाळीत मी ती रोज ऐकत होतो. शेजारी सिरोंच्याकडची लक्ष्मक्का राहायची. तिच्या राजीला दमा होता आणि दगडी कोळशाचा धूर झाला की पोरगी तडफडायची.

मग मीच दारोदारी जाऊन सांगितलं, शेगडी मैदानात पेटवायची आणि निखारे लाल झाले की घरात आणायची. बाया हसायच्या, "राजीपायी आमची रोजची जत्रा!" पण सगळ्यांनी पाळलं. राजी अंगणात खेळायला लागली.

एका थंडीच्या सकाळी माझे सासरे आले, चहाची घाई होती. बायको शेगडी घेऊन मैदानाकडे निघाली, तर मी म्हणालो, "राहू दे वो, दारातच पेटव. एका शेगडीनं काय होते?"

चहा पिऊन बाहेर आलो, तर साऱ्या दारांत शेगड्या धुमसत होत्या.

मी शेजारच्या नामदेववर ओरडलो, "काऊन रे, पोरीले मारतं का?"

"तुमच्या दारात पेटली दिसली, भाऊ. मले वाटलं, आता चालते."

तेवढ्यात लक्ष्मक्का राजीला खांद्यावर घेऊन बाहेर आली. पोरीचे ओठ निळे पडले होते. मी घाईनं आमच्या दारातल्या शेगडीला हात घातला. "बाई, आत्ताच उचलतो."

तिनं शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दवाखान्याच्या वाटेनं निघून गेली.