बिटकॉइन कायले ठेवलं?

चहा घ्या, तवर सांगतो. घाटंजीतल्या माझ्या मोबाईलच्या दुकानातून जे उरते, त्याचं मी बऱ्याच वर्षांपासून थोडं थोडं बिटकॉइन घेऊन राह्यलो, हे तुमाले माहीतच आहे. मागच्या महिन्यात जेवताना बायकोनं, म्हणजे संगीतानं, सहज विचारलं, "हे सारं कायच्यासाठी ठेवून राह्यले तुमी?"

मी म्हणलं, "पोरीच्या लग्नासाठी."

पोरगी बारावीत आहे. ताटावरून मान वर करून म्हणे, "बाबा, मले लग्न करायचं का नाही, हेच मी अजून ठरवलं नाही."

"बरं, मग यवतमाळले प्लॉट घेऊ."

संगीता म्हणे, "दुकान इथं, घर इथं. तिथं राहाले कोण जाणार?"

शेवटी मी तिलेच विचारलं, "तुले काय पाहिजे, सांग."

ती म्हणे, "माझं बीए लग्नामुळं अर्धं राह्यलं. ते पुरं करायचं आहे."

लग्नाले वीस वर्षं झाली, पण तिच्या मनात हे आहे, हे मले त्या दिवशी कळलं. मी लगेच मोबाईल काढला. "आत्ताच विकतो. फी किती लागते?"

"फी माझ्या शिलाईच्या पैशात होते," ती म्हणे. "मले रोज संध्याकाळचे दोन तास पाहिजेत. ते आहेत का तुमच्या मोबाईलमध्ये?"

तर गड्यांनो, बिटकॉइन अजून तसंच पडून आहे. आणि सात वाजल्यानंतर मले फोन नका करत जाऊ, माझे हात कणकेत असतात.