प्रशांतच्या पिटबुलची बर्फी

आमच्या प्रताप नगरच्या बिल्डिंगमध्ये परवा मीटिंग झाली गा. प्रशांतचा पिटबुल कुत्रा राहू द्यायचा का नाही, एवढाच विषय. मी त बंदीच्याच बाजूनं होतो. माझी नात त्याच जिन्यानं शाळेत जाते.

प्रशांत कळवळून म्हणे, "तो आजवर कोणाले चावला का? नुसती जात पाहून त्याले काहून हाकलून राहिले?"

जातीवरून हाकलणं काय असते, हे आमच्यातल्या कित्येकांले ठाऊक आहे.

मग बन्सोडकाकू शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे बाबू. पण तू त्याले आणला, तेव्हा घरोघरी संत्रा बर्फी वाटली. 'असली पिटबुल आहे, चोराले फाडून खाते,' असं सांगत होता. तेव्हा त्याची जात कोण पाहत होतं गा?"