मी पेरलंय, असं कॅसेटवर बोललो

आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला, मुरबाडपासून लय आत, आमी कुनबी, भाताची शेती, दुसरं काय नाय. आई मी लहान असतानाच गेली, मला वाढवलं ते थोरल्या बहिनीनं, सोनूबायनं. ती शाळेत गेली नाय, मला पाठवलं, आनि मी तिथं शिकलो काय तर नकला. तलाठ्याची नक्कल, मास्तरची नक्कल, बाजारात सुकट इकनाऱ्या म्हातारीची नक्कल. लोकं पोट धरून हसायची, नि सोनूबाय म्हनायची, बाळाराम, तुजं तोंडच तुला खायला घालील. घातलं खरं, काय सांगू तुमाला, काही वर्सं घातलं.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मुरबाड-शहापूर रोडला जीपा चालायच्या, सगळ्यांत टेप, नि ड्रायव्हर तीच ती गानी लावून कंटाळलेले. मी एक जुना टेपरेकॉर्डर घेतला, कोऱ्या कॅसेटी घेतल्या नि घरात बसून बोलायला लागलो. माजघरात गोधड्या टांगायच्या, बायको कोंबड्या डालग्याखाली झाकायची, तरी एखादी ओरडायचीच, मंग लोकं म्हनायची, बाळाराम, या वक्ताला कोंबडी तुज्यापेक्षा बरी बोलली. काय बोलायचो? कुठल्या वाडीत बिबट्या आला, कुठला पूल खचला, कोनाच्या हळदीत कोन रुसला, मधी मधी नकला. दर बाजाराला नवी कॅसेट. ड्रायव्हर जुनी परत द्यायचा, वर पाच रुपये द्यायचा नि नवी न्यायचा. लोकं भरायला आलेली जीप सोडून माजी कॅसेट असल त्या जीपमधी बसायची, खोटं नाय सांगत.

पन पाच-पाच रुपयांत घर चालत नाय. मंग मी दुकानदार धरले, कापडवाला, छत्रीवाला, भांडीवाला. त्यांचं नाव घ्यायच्या आधी मी सरळ सांगायचो, आता हा दुकानदाराचा निरोप, ऐका नायतर बाहेर बघा. लोकं हसायची नि ऐकायची. त्यावर माजं बरं चाललं व्हतं, बरं चाललं व्हतं हो.

मंग एक बियानंवाला आला. म्हनला, बाळाराम, मला निरोप नको, निरोप कोन ऐकतो, तू गप्पांत सांग, मी सोता पेरलंय म्हनून. वर्षभर सगळे दुकानदार मिळून देत तेवढं त्यानं एकदम देऊ केलं. आता आमची रीत तुमाला ठावी नसल. आमच्याकडं बियानं बदलायचं तर दुकानात इचारत नाय, ज्यानं पेरलंय त्याच्या वट्यावर जायचं, नि तो म्हनला मी पेरलंय, की झालं, पुढं इचारलं तर त्याचा अपमान. ही रीत मला ठावी व्हती. ठावी व्हती म्हनून तर त्या मानसाला माजा आवाज पायजे व्हता. मला घरावर पत्रे घालायचे व्हते, मी म्हनलं बियानं चांगलंच असल, एका वाक्यानं काय व्हतंय. नि बोललो. एक दाना पेरला नव्हता, तरी मी पेरलंय, कनसं हातभर आली, असं बोललो.

लोकांनी ते बियानं नेलं, रोपं उगवली, लावनी झाली, सगळं हिरवंगार. नि निसवायच्या, कनसं बाहेर पडायच्या टायमाला बघतो तर एका खाचरात चार जातींचं भात, एक पिकून झडतंय, दुसरं अजून पोटरीत. कापायचं कधी नि काय? कोनी मला शिवी दिली नाय, दिली असती तर बरं. ड्रायव्हरांनी कॅसेटी आनून दिल्या, नवी कोनी मागितली नाय. एकदा किन्हवलीला मी जीपमधी चढलो, बोलनं चाललं व्हतं सगळ्यांचं, ते बंद झालं. बियानंवाल्याकडं गेलो तर म्हनतो कसा, मी कुठं लिहून दिलंय, बोललास तू. खरंच व्हतं ते.

सोनूबायच्या सासरी गेलो. तिच्या शेतात बी तेच बियानं. आनि घरचं बी, आमच्या आईच्या हातचं, वर्सानुवर्सं कनगीत राखलेलं, ते तिनं त्या साली कांडून खाल्लं व्हतं, आता नवं हाय म्हनून. ते भात आता कुठंच नाय. मी म्हनलं, बाय, मला एकदा इचारायचं तरी. ती जात्यावरनं उठली नाय. म्हनली, दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर इचारलं असतं रे, तू कुठं पेरलंस म्हनून. तुला कसं इचारू?

त्याला दहा-बारा वर्सं झाली. खर्डी टेशनाबाहेर रिक्षा चालवतो, टेप बसवला नाय. आता तुमी मला इचारता, कॉम्प्युटरवर आवाज टाकतात, लोकं कुठं कुठं बसून ऐकतात, त्यात पैसा कसा करायचा. करा की. ऐकनारी मानसं गोळा करा, मंग पैसा तुमच्या दारात चालत येतो, तुमाला जावं लागत नाय, येवढं मी सांगतो. तुमचं चांगलं व्हवो, मनापासून म्हनतो.

सोनूबाय हाय अजून. मी जातो, ती जेवायला वाढते, काय कमी करत नाय. पन मी म्हनलं ना, बाय, एस्टी गेली, तर ती हातातलं काम ठेवते नि रस्त्यापर्यंत जाऊन बघून येते.