उत्तर बहात्तर!

नाही, मला एक सांगा, नळ्या धुवायच्या कुणी? मी! वाळवायच्या कुणी? मी! आणि तीस पोरांनी त्या नळ्यांकडे ढुंकूनही न बघता वहीत लिहायचं काय, तर बहात्तर! बावीस वर्षं झाली मला या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बावीस वर्षं, आणि पाण्याच्या पृष्ठताणाला दुसरा आकडा आलेला मी बघितला नाही हो... उत्तर बहात्तर!

आता पृष्ठताण म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल तर लाजू नका, आमच्या सरांनाही पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही. मी सांगतो. काठोकाठ भरलेला पेला बघितलाय? पाणी काठाच्या वर जरा फुगून उभं राहतं, पण सांडत नाही. का? तर पाण्याचा वरचा थर ओढून धरलेला असतो, खाटेवर ताणून बसवलेल्या चादरीसारखा. त्यात बारीक भोकाची काचेची नळी उभी धरा, पाणी आपणहून नळीत वर चढतं. ताण जास्त, तर चढ जास्त. किती चढलं ते सूक्ष्मदर्शकातून मोजायचं, भोकाच्या त्रिज्येने गुणायचं, घनतेने गुणायचं, गुरुत्वाच्या आकड्याने गुणायचं, दोनाने भागायचं... झालं! यात काय डोंगर उचलायचाय? आमच्या नळीत पाणी तीन सेंटिमीटरच्या जरा खाली थांबतं आणि गणित बहात्तरच्या आसपास येतं. मी स्वतः केलंय ना! पण 'आसपास' हवंय कुणाला?

पोरं काय करतात सांगू? पुस्तकातून बहात्तर उचलायचे, गणित उलटं करायचं, पाणी किती चढायला हवं होतं ते काढायचं आणि तेच 'निरीक्षण' म्हणून वहीत लिहायचं! आधी उत्तर, मग गणित, आणि वेळ उरलाच तर प्रयोग! आणि सर? सर खुर्चीतूनच, "हं, काय आलं?" "बहात्तर, सर!" "शाब्बास!" ...अरे, पाण्याला कुणी विचारलंय का?

या सगळ्यांत एकच वेडी. माझी भाची. तसं मला अख्खं कॉलेज मामा म्हणतं, पण खरी भाची ही एकटी, माझ्या धाकट्या बहिणीची. पहिल्या दिवशी मला विचारते, "मामा, वहीत काय लिहायचं रे?" आणि मी, मी शहाणा, छाती फुगवून म्हणालो, "बाळा, जे दिसेल तेच लिहायचं." कुठून दुर्बुद्धी सुचली हो मला!

तर वार्षिक प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी प्राचार्यांची स्वारी आली. टेबलावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "मामा, उद्या सगळं चकाचक दिसलं पाहिजे." दिसलं पाहिजे, बरं का! मी बसलो घासायला. भांड्यांचा साबण घेतला, सगळ्या नळ्या, सगळे बीकर, नुसता फेस! आणि नेमकी खळबळायची वेळ आली नि नळाने मान टाकली. टाकी रिकामी! उरलेल्या एका बादलीत सगळं बुचकळून काढलं. दिसायला चकाचक, प्राचार्य खूश, मी घरी. आता साबण म्हणजे पृष्ठताणाचा हाडवैरी. जरासा राहिला तरी पाण्याची ओढ निम्म्यावर! हे मला ठाऊक नव्हतं? बावीस वर्षं ठाऊक होतं! आणि तरी...

दुसऱ्या दिवशी पाणी कसंबसं पावणेदोन सेंटिमीटर चढलं आणि तिथेच बसलं. तीस नळ्यांत, तीसच्या तीस! एकोणतीस जणांनी काय लिहिलं? उत्तर बहात्तर! आणि भाचीने? त्रेचाळीस. तीनदा मोजलं बिचारीने, तीनदा त्रेचाळीस.

सर कडाडले, "त्रेचाळीस? पुस्तकात किती दिलंय?" "बहात्तर, सर. पण नळीत..." "नळी मोठी की पुस्तक मोठं?" नापास! प्रात्यक्षिकात नापास म्हणजे पुढच्या वर्षाचं दार बंद. पोर जिन्यात बसून रडतेय आणि माझ्या हाताला अजून त्या साबणाचा वास!

गेलो सरांकडे. म्हटलं, "सर, चूक माझी, नळ्यांत साबण होता, तिचंच बरोबर आहे." सर उठले, तुम्हाला सांगतो, खुर्चीतून उठले! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पावणेदोन. चेहरा असा उतरला... "मामा, म्हणजे ते एकोणतीस जण..." "होय सर." "आणि मी त्यांना शाब्बास..." "होय सर." मला वाटलं, आता न्याय होणार! सरांनी जाऊन दार लावलं. "मामा, हे कुणाला बोललात? बोलू नका. एकोणतीस नापास केले तर प्राचार्य मला फाडून खातील. ही एकटीच आहे ना? हिची फेरपरीक्षा घेऊ." ऐकलंत? खोटं बोलणारे एकोणतीस, म्हणून ते पास! खरं बोलणारी एकटी, म्हणून ती परत!

फेरपरीक्षेच्या दिवशी मी शिपायाच्याही आधी हजर. साबणाची वडी खिडकीतून भिरकावली. गरम पाणी, मग शुद्ध पाणी, दहा वेळा खळबळली नळी. स्वतः मोजून बघितलं, एकाहत्तर पूर्णांक आठ! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. नळी वाळवली, बीकर भरून ठेवला. म्हटलं, आज पोरीला खरंच दिसू दे.

आत गेली आणि दहा मिनिटांत बाहेर! "अगं, झालं?" "झालं." "किती आलं?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काय विचारतोस मामा... बहात्तर." आतून सरांचा आवाज, "शाब्बास!"

संध्याकाळी बहिणीचा फोन, "दादा, तुझ्यामुळे पास झाली रे पोर!" माझ्यामुळे! अहो, पोर गेल्यावर मी आवरायला आत गेलो होतो ना. बीकर तसाच काठोकाठ. नळी उचलली, उजेडात धरून बघितली... खडखडीत कोरडी! पाण्याला लावलीच नव्हती तिने.

पुसून खोक्यात ठेवून दिली. चला... तेवढीच एक धुवायची वाचली!